बेटाच्या धन्याचे घर

मुंबई बेट पोर्तुगिजांच्या हातून इंग्रजांच्या हाती गेले ते १८ फेब्रुवारी १६६५ रोजी, एका विधवा बाईच्या घरात. त्या दिवशी केलेल्या ताबापत्रात ही जागा दोना इग्नेझ दे मिरांदा हिचे मोठे घर म्हणून नोंदली आहे, आणि बाईंचा उल्लेख बेटाची धनीण असा आहे. आजच्या टाउन हॉलच्या मागे, बंदराच्या काठावर असलेले हे घर तेव्हाच शंभरीच्या घरात पोचले होते. पुढे त्याच्याभोवती तट चढला, बुरूज उभे राहिले आणि त्याला बॉम्बे कॅसल हे नाव पडले. मुंबईचा इतिहास बहुधा गोदी, कापूस आणि गिरण्या यांच्या अंगाने सांगितला जातो. या घराच्या मालकांची साखळी पाहिली की त्याची आणखी एक बाजू दिसते. ज्याच्याकडे हे घर त्याच्याकडे बेट, हा इथला नियम होता; पण बेट पूर्णपणे कोणाच्याच मालकीचे नव्हते. प्रत्येक धनी वरच्या धन्याला वर्षाचा खंड भरत होता आणि तो खालच्या रयतेकडून वसूल करत होता.

वसईच्या तहाने, २३ डिसेंबर १५३४ रोजी, गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई आणि तिच्या भोवतालची बेटे पोर्तुगिजांना दिली. मोगल बादशहा हुमायून याची धास्ती हे त्यामागचे कारण होते. मुंबई त्या वेळी एकसंध नव्हती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी सात बेटे होती. त्यांच्यामधल्या खाड्या भरतीला पाण्याखाली जात आणि ओहोटीला चिखल होऊन उघड्या पडत. कोळ्यांचे पाडे, माडांच्या वाड्या, भाताची खाचरे आणि मिठागरे एवढाच या भूमीचा संसार होता. भंडारी माडावर चढून ताडी काढत, कुणबी भात पिकवत, कोळी समुद्रावर जात. पोर्तुगीज खलाशी इथे उतरत ते पाण्यासाठी, ताज्या अन्नासाठी आणि विसाव्यासाठी. त्यांनी या जागेला 'सुखाच्या जीवनाचे बेट' असे नाव दिले होते.

पोर्तुगीज सत्तेने ही बेटे स्वतः कसायला घेतली नाहीत. वसईपासून दमणपर्यंतच्या आपल्या उत्तर प्रांतात त्यांनी गावे आणि बेटे आपल्या माणसांना पट्ट्याने वाटली. पट्टेदाराने सरकारात दर वर्षी ठरलेला खंड भरायचा. या खंडाला 'फोर' म्हणत. शिवाय प्रसंग पडला तर घोडा आणि हत्यारबंद माणसे घेऊन प्रदेशाच्या रक्षणाला उभे राहायचे. त्याच्या बदल्यात जमिनीचे उत्पन्न त्याचे. माझगाव एका कुटुंबाकडे गेले, परळ, वडाळा, शीव आणि वरळी दुसऱ्याकडे, घारापुरी तिसऱ्याकडे. १५५४ च्या पोर्तुगीज महसुली नोंदवहीत मुंबई बेटाचा वार्षिक फोर सुमारे १,४३२ पर्दाव (त्या काळचे नाणे) असा दिला आहे. त्याच सुमारास हे बेट गार्सिया द ऑर्ता या वैद्याने पट्ट्याने घेतले. बंदरावरचा वाडा परंपरेने त्याच्याच नावाने ओळखला जातो.

हा माणूस थोडा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण या घराच्या सगळ्या धन्यांत बेटाच्या मातीकडे जिज्ञासेने पाहणारा तो एकटाच होता. पोर्तुगालमधल्या कास्तेलो दे व्हिदे या गावी १५०० च्या आसपास त्याचा जन्म झाला. त्याचे आईवडील ज्यू होते आणि त्यांना ख्रिस्ती धर्म घ्यावा लागला होता. सालामांका आणि आल्काला इथे वैद्यक शिकून त्याने लिस्बनला अध्यापन केले, आणि १५३४ मध्ये मार्तीं आफोन्सो दे सौझा याच्या ताफ्याबरोबर तो हिंदुस्थानात आला. गोव्यात त्याने वैद्यकी थाटली. व्हाइसरॉय त्याचे रोगी होते आणि अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाहही होता. निजामशाहाच्या दरबारात त्याची मुस्लिम हकिमांशी चर्चा होई. गोव्यातल्या स्वतःच्या बागेत तो औषधी झाडे लावी आणि व्यापारी, हकीम, वैद्य, माळी अशा सगळ्यांना विचारून वनस्पतींची माहिती गोळा करी.

या माहितीचा ग्रंथ 'कोलोकियुश' या नावाने १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. हिंदुस्थानात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक. संवादाच्या रूपात लिहिलेल्या या ग्रंथात मिरी, लवंग, हिंग, फणस, आंबा, कापूर, भांग, अफू अशा पदार्थांची चर्चा आहे, आणि मधूनच त्याचे स्वतःचे बेट डोकावते. मुंबई ही राजाने आपल्याला पट्ट्याने दिलेली जागा आहे, असे तो सांगतो. आंब्याच्या प्रकरणात मुंबईहून आंबे येतात. बेटावरचे एक झाड वर्षातून दोनदा फळते, हेही तो अभिमानाने नोंदवतो. वसईच्या टापूतल्या लोकांबद्दल लिहिताना शेत कसणारे कुणबी, बागा राखणारे माळी आणि महसूल गोळा करणारे परभू यांचे त्याने वेगवेगळे वर्णन केले आहे. घारापुरीची लेणी त्याने पाहिली होती आणि साष्टीतल्या लेण्यांविषयीही लिहिले. बेटाचा पट्टेदार म्हणून तो मुंबईत कायम राहत नव्हता. त्याचे घर आणि व्यवसाय गोव्यात होते, बेटावर त्याचे कूळ वसुली पाहत असे. मुंबईचा वाडा म्हणजे बेटावर आल्यावर उतरायचे, हिशेब पाहायचे आणि बागेत वेळ घालवायचे ठिकाण होते.

ऑर्ता १५६८ मध्ये वारला. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय सुरू झाले होते आणि बाटलेल्या ज्यू कुटुंबांवर त्याची खास नजर होती. ऑर्ताच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले. १५८० मध्ये खुद्द ऑर्तावर मरणोत्तर खटला चालवून त्याच्या अस्थी थडग्यातून बाहेर काढून जाळल्या गेल्या. ज्याच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप युरोपभर वाचला जात होता, त्या माणसाला राज्यकर्त्यांनी अशी वागणूक दिली. मुंबईच्या पहिल्या नावाजलेल्या धन्याची ही अखेर शहराच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही. ती सांगितली गेली पाहिजे.

ऑर्तानंतर पट्टा त्याच्या घराण्याबाहेर गेला. उत्तर प्रांतातले असे पट्टे बऱ्याचदा काही पिढ्यांच्या मुदतीने दिले जात. हुंडा म्हणून ते बायकांच्या नावे करण्याचीही पद्धत होती, त्यामुळे प्रांतात जमिनीच्या धनिणी दिसणे नवलाचे नव्हते. दरम्यान घर वाढत गेले. १६२६ च्या ऑक्टोबरात पोर्तुगीज ताफ्याच्या शोधात असलेली इंग्रज आणि डच गलबते एकत्र मुंबईच्या बंदरात शिरली. त्यांच्या माणसांनी किनाऱ्यावर उतरून लुटालूट केली आणि घरे पेटवून दिली. त्या मोहिमेतल्या एका इंग्रज खलाशाच्या नोंदीत बेटावरचे मोठे घर हे एकाच वेळी कोठार, मठ आणि किल्ला असल्याचे म्हटले आहे. आग लागलेल्या इमारतींत हे घरही होते. म्हणजे बागेतला वाडा तोवर माल साठवण्याची आणि थोड्याफार तोफा ठेवण्याची जागा झाला होता. तरी जमिनीवरून एक दिवस लढण्याइतकेही बळ त्यात नव्हते, हे या छाप्याने दाखवून दिले. गलबते निघून गेल्यावर घर पुन्हा उभे राहिले.

पुढचा फेरफार युरोपात ठरला. २३ जून १६६१ रोजी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाचा करार झाला. पोर्तुगालला स्पेन आणि डच यांच्याविरुद्ध मित्र हवा होता. त्यासाठी मोठ्या रोख रकमेबरोबर आफ्रिकेतले टँजियर आणि मुंबईचे बंदर व बेट इंग्लंडला देण्यात आले. मुंबई कुठे आहे आणि केवढी आहे याची नीट कल्पना लंडनच्या दरबाराला नव्हती. १६६२ मध्ये सर अब्राहम शिपमन सुमारे चारशे शिपाई घेऊन ताबा घ्यायला आला, तेव्हा गोव्याचा व्हाइसरॉय आन्तोनियो दे मेलो इ काश्त्रो याने कागदपत्रांतल्या त्रुटी दाखवून बेट द्यायला नकार दिला. शिपमन आणि त्याचे शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडले. तिथे तापाने आणि हगवणीने माणसे मरत गेली. १६६४ मध्ये शिपमनही गेला. मुंबईला पोचले ते शंभरच्या आसपास शिपाई. मृत्यूपूर्वी शिपमनने आपला चिटणीस हम्फ्री कुक याला उत्तराधिकारी नेमले होते. त्या नेमणुकीच्या आधारावर व्हाइसरॉयने त्याच्याशी १४ जानेवारी १६६५ रोजी पणजीला करार केला आणि मगच बेट सोडले. इंग्रज मुंबईत स्थिर झाले की हिंदुस्थान पोर्तुगालच्या हातून जाईल, असे त्याने आपल्या राजाला कळवले होते.

या कराराचे निरखून वाचन केले की त्यात घराची आणि त्याच्या धनिणीची चिंता दिसते. दोना इग्नेझ ही दों रोद्रिगो दे मोंसांतो याची विधवा. तिच्या मिळकतीचे संरक्षण करणारे स्वतंत्र कलम करारात घालण्यात आले. बेटावरचे बाकीचे जमीनदारही आपापल्या वाड्या आणि शेते राखून राहतील, असे आश्वासन होते. म्हणजे राजा बदलणार होता, पट्टेदार तेच राहणार होते. १८ फेब्रुवारीला पोर्तुगीज अधिकारी दोना इग्नेझच्या घरात जमले, ताबापत्र वाचले गेले आणि सह्या झाल्या. मग कुक बेटावर चालत गेला, त्याने हातात माती आणि दगड घेतले, बुरुजांवर पावले टाकली. जमीन कोणाची हे सांगण्याची युरोपातली ही जुनी रीत. ती त्या दिवशी पार पडली ती ऑर्ताच्या बागेच्या मातीवर.

कुकने केलेला करार इंग्लंडच्या राजाला मान्य झाला नाही, कारण त्यात माहीम आणि इतर बेटे पोर्तुगिजांकडे राहिली होती. तरी प्रत्यक्ष ताबा सुरू झाला, आणि इंग्रजांनी पुढे माहीमही घेतले. १६६६ च्या नोव्हेंबरात सर जर्व्हेज लुकास गव्हर्नर म्हणून आला. सहा-सात महिन्यांत तो मरण पावला. त्याच्यानंतर हेन्री गॅरी आला. या तीन वर्षांत घराचा वापर पूर्ण पालटला. कुटुंबाचा वाडा आता शिपायांच्या छावणीचे आणि गव्हर्नराच्या कचेरीचे ठिकाण झाला, आणि त्याच्याभोवती भिंती उभारण्याचे काम सुरू झाले. राजाच्या दृष्टीने मात्र हे बेट तोट्याचे होते. उत्पन्न थोडे, शिपायांचा पगार मोठा, आणि भोवताली पोर्तुगीज, मोगल आणि सिद्दी.

शेवटी चार्ल्सने बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिले. २७ मार्च १६६८ च्या सनदेने कंपनीला मुंबई मिळाली ती वर्षाला सोन्याच्या रूपात दहा पौंड खंड भरण्याच्या अटीवर. हा खंड ३० सप्टेंबरला भरायचा होता. सनदेत आणखी एक गोष्ट आहे. मुंबई बेट इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिच या जहागिरीचा भाग असल्यासारखे कंपनीने धारण करायचे होते. इंग्रजी कायद्याला जमीन कुणाच्या तरी जहागिरीत असावी लागे, म्हणून अरबी समुद्रातले हे बेट कागदावर थेम्सच्या काठी नेऊन ठेवले गेले. लिस्बनच्या राजाला भरायचा फोर आता लंडनच्या राजाला भरायचा खंड झाला. पट्टेदार बदलला तरी पट्ट्याची पद्धत तशीच राहिली. कंपनीने २३ सप्टेंबर १६६८ रोजी प्रत्यक्ष ताबा घेतला.

सुरतेच्या वखारीचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झेंडन हा कंपनीचा मुंबईतला पहिला गव्हर्नर. तो १६६९ च्या जुलैत वारला आणि त्याच्या जागी जेराल्ड ऑन्जियर आला. वाड्याचा किल्ला खऱ्या अर्थाने त्याच्या काळात झाला. स्थानिक काळा दगड आणि कोकणातला जांभा वापरून तट बांधला गेला, कोपऱ्यांवर बुरूज आले आणि तोफांची संख्या शंभराच्या वर गेली. १६७० च्या दशकात कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर मुंबईत राहिला. इंग्रज आले तेव्हा इथे एक सुरेख पण तटबंदीने दुबळे घर होते आणि त्याचे रक्षण चार पितळी तोफा करत, असे त्याने लिहिले. घराभोवतीची बाग साऱ्या हिंदुस्थानात सर्वांत रमणीय मानली जात होती. त्याच बागेच्या कुंजांतून आता मोर्चे निघाले होते आणि फुलांच्या ताटव्यांच्या जागी तोफांचे ओटे आले होते. ऑर्ताने ज्या झाडांबद्दल लिहिले त्यांची बाग तोफखान्याखाली गेली. हे नुकसान अटळ होते असे म्हणता येईल. तरी ते नुकसानच होते.

ऑन्जियरला या भिंतींची लवकरच गरज पडली. १६७३ च्या फेब्रुवारीत डच सेनानी रायक्लॉफ फान ग्यून्स मोठा ताफा घेऊन मुंबईसमोर आला. किल्ल्यातल्या तोफा आणि भंडारी मिलिशिया यांची तयारी पाहून ताफा न लढता परत गेला. ताडी काढणाऱ्या भंडाऱ्यांना शस्त्रे देऊन उभे केलेले हे दल पुढेही अनेक वर्षे बेटाच्या रक्षणाला होते. ऑन्जियरचे दुसरे मोठे काम जमिनीचे. पोर्तुगीज काळापासूनच्या पट्टेदारांचे हक्क काय आणि कंपनीचे काय, याचा वाद इंग्रज आल्यापासून चालू होता. १६७४ मध्ये झालेल्या तडजोडीने बेटावरच्या लोकांनी मिळून कंपनीला दर वर्षी वीस हजार झेराफिन (पोर्तुगीज अमदानीतले नाणे) द्यायचे आणि कंपनीने त्यांच्या जमिनी त्यांच्याकडे राहू द्यायच्या, असे ठरले. बेटाच्या धन्याला एका माणसाने भरायचा खंड आता साऱ्या रयतेच्या नावे आला. फ्रायरच्या अंदाजाने पोर्तुगीज काळात दहा हजार असलेली वस्ती ऑन्जियरच्या अमदानीत साठ हजारांवर गेली होती. या वाढीमागे व्यापाऱ्यांना दिलेली मोकळीक आणि जमिनीची ही शाश्वती दोन्ही होत्या.

कॅसलमधून मराठी सत्तेशी व्यवहारही चालू होता. १६७४ च्या मे महिन्यात कंपनीचा अधिकारी हेन्री ऑक्झेंडन याला रायगडावर पाठवण्यात आले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला तो हजर होता आणि त्याने तिथे कंपनीच्या वतीने करार केला. त्याच्या रोजनिशीतले सोहळ्याचे वर्णन मराठी इतिहासकारांनी वारंवार वापरले आहे. मुंबईच्या किल्ल्याला धान्य, लाकूड आणि सरपण मुख्य भूमीवरून, म्हणजे महाराजांच्या मुलखातूनही येई. त्यामुळे ही मैत्री कंपनीला आवश्यक होती.

१६८३ च्या डिसेंबरात घराने एक विचित्र मालक पाहिला. कंपनीने खर्च कमी करण्यासाठी शिपायांचे पगार आणि भत्ते कापले होते. किल्ल्यातल्या फौजेचा प्रमुख रिचर्ड कीग्विन याने २७ डिसेंबरला उपगव्हर्नर चार्ल्स वॉर्ड याला अटक केली आणि बेट थेट राजाच्या नावे ताब्यात घेतले. वर्षभर कंपनीचा अंमल उरला नाही. या काळात कीग्विनने छत्रपती संभाजी महाराजांशी करार केला. १६८४ च्या नोव्हेंबरात सर थॉमस ग्रँथम राजाचे आज्ञापत्र घेऊन आल्यावर माफीच्या अटीवर त्याने किल्ला परत दिला. कंपनीच्या नोकरांनीच बेट हिसकावून पुन्हा कंपनीला दिल्याचे असे उदाहरण मुंबईच्या इतिहासात दुसरे नाही.

पाठोपाठ मोठे संकट आले. १६८७ मध्ये कंपनीने पश्चिम हिंदुस्थानातले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला हलवले आणि गव्हर्नर सर जॉन चाइल्ड याने मोगलांशी वैर ओढवून घेतले. १६८९ च्या फेब्रुवारीत जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला. माझगाव आणि माहीम त्याच्या हातात गेले आणि इंग्रज कॅसलच्या भिंतींच्या आत कोंडले गेले. वेढा वर्षभराहून जास्त चालला. कंपनीच्या वकिलांनी औरंगजेबासमोर हात जोडून दीड लाख रुपये भरले, तेव्हा १६९० च्या जूनमध्ये सिद्दी निघून गेला. चाइल्ड त्याआधीच वारला होता. दोना इग्नेझच्या घराभोवतीच्या तटाने त्या दीड वर्षात मुंबई वाचवली, हे मान्य करावे लागेल. तट नसता तर बेटाचा इतिहास वेगळ्या वळणाने गेला असता.

अठराव्या शतकात घराचे महत्त्व उलट्या दिशेने बदलले. १७१५ च्या अखेरीस गव्हर्नर झालेल्या चार्ल्स बून याने शहराभोवती वेगळा तट बांधला. बाजार, चर्च आणि अपोलो या नावांचे तीन दरवाजे त्यात होते, आणि त्या तटाच्या आतली वस्ती म्हणजे आजचा फोर्ट भाग. १७१८ मध्ये सेंट थॉमस चर्च झाले. तोवर इंग्रजांची प्रार्थना कॅसलमधल्या खोलीत होत असे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर मुंबईकर घाबरले. व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी काढून शहराच्या तटाबाहेर खंदक खणायला सुरुवात केली. या नव्या तटामुळे कॅसल आता शहराच्या आतला एक लहान किल्ला झाला. गव्हर्नरांनीही तिथले राहणे सोडले. आधी अपोलो स्ट्रीटवरचे घर आणि मग १७७० च्या दशकापासून परळचा बंगला त्यांचे निवासस्थान झाला. पुढे या परळच्या वास्तूत हाफकिन संस्था आली. कॅसलमध्ये उरले दारूगोळ्याचे कोठार, टांकसाळ आणि कचेऱ्या. १८२० च्या दशकात बांधलेल्या नव्या इमारतीत टांकसाळही निघून गेली.

घरात गव्हर्नर राहत नसले तरी नाव सुटले नाही. मुंबई सरकारचे जाहीरनामे, ठराव आणि राजपत्रातील आदेश विसाव्या शतकातही 'बॉम्बे कॅसल' असे ठिकाण लिहून निघत. सातारा, धारवाड किंवा सिंध इथल्या कलेक्टरच्या हाती येणाऱ्या हुकमाच्या डोक्यावर ऑर्ताच्या वाड्याचे नाव असे. पोर्तुगीज खंडाच्या खुणाही जमिनीच्या कायद्यात टिकून होत्या. फोर भरून धारण केलेल्या जमिनींना मुंबईत फोरास म्हणत, आणि त्यांचा निकाल लावणारा कायदा १८५१ मध्ये झाला. ऑर्ताच्या काळातल्या पद्धतीचा इतक्या उशिरापर्यंत व्यवहार चालू होता.

१८६२ पासून गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याच्या कारकिर्दीत शहराचा तट पाडण्यात आला. कापसाच्या भावामुळे पैशाला पूर आलेल्या या वर्षांत जुन्या भिंती शहराला अडचणीच्या वाटू लागल्या होत्या. याच सुमारास, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. बदलत्या शहराचे जुने चित्र मराठीत नोंदवणारे हे पुस्तक तट पडत असतानाच छापले गेले. शतकाच्या शेवटी, १९०० मध्ये, मूळचे गोव्याचे आणि मुंबईत वैद्यकी करणारे डॉ. जे. गेर्सन दा कुन्हा यांनी पोर्तुगीज कागदांच्या आधाराने मुंबईच्या उगमाचा इतिहास लिहिला. घराचे पोर्तुगीज धनी लोकांच्या पुन्हा लक्षात आले ते बरेचसे त्यांच्यामुळे. गोव्याच्या एका डॉक्टराने मुंबईत बसून गोव्याच्या दुसऱ्या डॉक्टराचे घर शोधून काढले, ही गोष्ट मनाला भावते.

लष्करी मालकी मात्र कधी संपली नाही. शहराचा तट गेला तरी कॅसल दारूगोळ्याचे कोठार म्हणून शिल्लक राहिला, आणि दुसऱ्या महायुद्धात तो आरमाराकडे आला. १९४० मध्ये इथे 'एच. एम. आय. एस. डलहौसी' हा तळ सुरू झाला. त्याचे शिपाई कॅसल बॅरॅक्समध्ये राहत. १९४६ च्या फेब्रुवारीत, १८ तारखेला, मुंबईतल्या 'तलवार' या तळावर रॉयल इंडियन नेव्हीच्या नाविकांचा उठाव सुरू झाला. २१ तारखेला कॅसल बॅरॅक्सला वेढा पडला आणि नाविकांनी आतून गोळीबाराला उत्तर दिले. वेढ्यासाठी सुरुवातीला मराठा पलटणीचे शिपाई होते. नंतर त्यांच्या जागी गोऱ्या फौजा आणल्या गेल्या. राष्ट्रीय नेत्यांच्या आवाहनावरून नाविकांनी २३ फेब्रुवारीला शस्त्रे खाली ठेवली. सिद्दीच्या वेढ्यानंतर या भिंतींना पडलेला हा पुढचा वेढा आतल्याच माणसांविरुद्ध होता.

स्वातंत्र्यानंतर तळ भारतीय नौदलाकडे राहिला. १९५१ मध्ये डलहौसीचे नाव बदलून 'आय. एन. एस. आंग्रे' ठेवण्यात आले. बूनच्या कारकिर्दीत मुंबईच्या इंग्रजांनी कान्होजी आंग्रे यांच्याविरुद्ध विजयदुर्ग, खांदेरी आणि कुलाबा इथे एकामागून एक मोहिमा काढल्या होत्या आणि सगळ्या फसल्या होत्या. ज्या किल्ल्यातून त्या मोहिमांचे हुकूम निघाले, त्याला आता कान्होजींचेच नाव आहे. पश्चिम नौदल विभागाचे मुख्यालय याच परिसरात आहे.

जुन्या वास्तूतले जे शिल्लक आहे ते विखुरलेले आहे. तटाचे काही भाग आहेत. एका जुन्या दरवाजावर पोर्तुगीज सैनिकांच्या दोन दगडी आकृती आहेत. छायायंत्र आहे, त्यावर दिवसाचे सगळे तास नसून त्या काळी महत्त्वाच्या मानल्या जाणाऱ्या वेळाच कोरल्या आहेत. मूळ घराचे खोल्या-दालनांसह बांधकाम उरलेले नाही. साडेचार शतकांच्या फेरबांधणीत ते कोठारे आणि बॅरॅकींत मिसळून गेले. लष्करी आवार असल्यामुळे आत जाण्यासाठी नौदलाची परवानगी लागते.